सन्मानपूर्वक दिलेली किल्ली

तक्रारपेटी उघडायची, एवढंच ठरलं होतं. पेटी भिंतीवर होती, पेटीला कुलूप होतं, आणि कुलपाला किल्ली असते अशी ॲडव्होकेट सौमित्र काशीकर यांची लहानपणापासूनची समजूत होती. समजुती कशा मोडतात हे पाहायचं असेल तर माणसाने सरकारी नोकरीत जावं.

काशीकर साताऱ्यातल्या विभागीय लोकतक्रार पर्यवेक्षण कार्यालयात विधी अधिकारी होते. बाकीच्या कार्यालयांनी कामं वेळेत का केली नाहीत हे कायद्याच्या भाषेत विचारायचं, आणि आलेलं उत्तर समाधानकारक नाही हे पुन्हा कायद्याच्याच भाषेत कळवायचं, असं त्यांच्या कामाचं स्वरूप. म्हणजे सासूचंच काम, फक्त लेटरहेडवर.

स्वभाव रागीट. पण राग फार सभ्य. राग आला की त्यांचा डावा कान लाल व्हायचा आणि ते पत्र लिहायला बसायचे. पत्रात जितके 'सबब', तितका राग जास्त, असा हिशेब जाणकार लावत. मयूरीवहिनींचं, म्हणजे त्यांच्या पत्नीचं, मत असं होतं की, "ह्यांचा राग जावक क्रमांक घेतल्याशिवाय घराबाहेर पडतच नाही."

फेब्रुवारीच्या पहिल्या सोमवारी शिपाई कोंडीबा चहाला गेला होता. तो जागेवर असता तर पुढचं काहीच घडलं नसतं. दारातलं स्टूल रिकामं पाहून हरणाबाई कोळपे थेट आत आली आणि काशीकरांच्या टेबलासमोर उभी राहिली. साठीची बाई, हातात प्लॅस्टिकची पिशवी, माणमधल्या कुठल्याशा वस्तीवरून दोन एसट्या बदलून आलेली.

"आवं साहेब, पेटी कवा उघडायची?"

"कुठली पेटी?"

"ती की. पायरीपाशी भिताडाला हाय ती."

काशीकर आठ महिने त्या पायरीवरून जात-येत होते. पायरीपाशी खाकी कागदात गुंडाळलेलं, चिकटपट्ट्या मारलेलं काहीतरी होतं खरं. पण तो विजेचा मीटर आहे असं समजून ते अंग चोरून जात. आता बाहेर येऊन त्यांनी नीट पाहिलं. कागदाखालून एक गंजलेलं कुलूप लोंबत होतं. मीटरला कुलूप असतं, पण इतकं मोठं नसतं.

"हिच्यात माजा अर्ज हाय," हरणाबाई म्हणाली. "पाच वरसं झाली. दर सोमवारी येते. ह्यो कोंडीबा म्हंतो, पेटी उघडली की कळवू."

तिने पिशवीतून अर्जाची झेरॉक्स काढली. अर्ज सरळ होता. तिच्या ऐंशी मेंढरांतली चौदा मेंढरं एका आठवड्यात मेली होती. तालुक्याच्या पशुवैद्यकीय कार्यालयाने त्यांना लस टोचल्याचं वहीत लिहिलं होतं. प्रत्यक्षात लस टोचायला वस्तीवर कुणी फिरकलंच नव्हतं. अर्जाची तारीख अठ्ठावीस फेब्रुवारी, पाच वर्षांपूर्वीची.

काशीकरांचा डावा कान किंचित गरम झाला. कारण नियम त्यांना पाठ होता. ज्या अर्जावर पाच वर्षांच्या आत आवक शिक्का बसत नाही, तो अर्ज कालबाह्य. मग तो ऐकायचा नाही, वाचायचा नाही, फक्त नस्ती बंद करायची. आणि नस्ती बंद करण्याच्या टिपणीवर सही विधी अधिकाऱ्याची. म्हणजे काशीकरांची.

"अहो, मग दुसरा अर्ज का नाही दिलात?"

"दिला की. घेतला न्हाई. येकाच इषयाचं दोन अर्ज चालत न्हाईत म्हनले. पयला पेटीत परलंबित हाय म्हनं."

उत्तर कायदेशीरदृष्ट्या अगदी बरोबर होतं. काशीकरांना सगळ्यात जास्त राग त्याचाच आला.

कार्यालयाचे प्रमुख उपसंचालक वीरधवल जगदाळे यांच्या निवृत्तीला अकरा महिने उरले होते. निवृत्तीनंतर चौकशी लागू शकेल अशा एकाही कागदावर या अकरा महिन्यांत सही करायची नाही, असं व्रत त्यांनी घेतलं होतं. आणि तसं बघितलं तर चौकशी कुठल्याही कागदावर लागू शकते.

"पेटीला कागद का गुंडाळलाय, सर?"

"आचारसंहिता," जगदाळे म्हणाले.

"आत्ता?"

"पाच वर्षांपूर्वीची. पेटीवर 'अमक्यांच्या संकल्पनेतून साकार' असं लिहिलं होतं. निवडणूक लागली, पथक आलं, त्यांनी झाकली. फटीवर पण पट्टी मारली."

"निवडणूक झाल्यावर काढली का नाही?"

जगदाळ्यांनी त्यांच्याकडे, नवशिक्या ड्रायव्हरकडे बघावं तसं बघितलं. "काशीकर, झाकण्याचा आदेश आला होता. उघडण्याचा आला का?"

"आणि किल्ली?"

जगदाळ्यांनी नोंदवही मागवली. नोंदवहीत स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं: 'किल्ली क्रमांक एक: मा. प्रमुख पाहुण्यांस सन्मानपूर्वक प्रदान. किल्ली क्रमांक दोन: सुरक्षित ठिकाणी.' सुरक्षित ठिकाण कुठलं, ते सुरक्षिततेसाठी लिहिलेलं नव्हतं.

"मग कुलूप तोडू या, सर. पंचनामा करून."

"शासकीय मालमत्ता तोडायची म्हणजे आधी ती जडवस्तू नोंदवहीत पाहिजे. ही पेटी एका पतसंस्थेनं भेट दिलेली. नोंदच नाही. जी वस्तू कार्यालयात नाही, तिचं कुलूप तुम्ही तोडणार कसं?"

काशीकरांनी त्या आठवड्यात चार पत्रं लिहिली. पेटीची नोंद घ्यावी म्हणून भांडार शाखेला, कागद काढावा म्हणून निवडणूक शाखेला, किल्ली क्रमांक दोन कुठे आहे म्हणून मागच्या तीन उपसंचालकांना एकत्रित, आणि चौथं जगदाळ्यांनाच. चौथ्यात अकरा 'सबब' होते. निवडणूक शाखेचं उत्तर तेवढं ताबडतोब आलं: 'आपले कार्यालय आचारसंहितेत झाकलेले आढळून येत नाही. सबब, आपला अर्ज निकाली.'

त्यांचाच शब्द त्यांच्यावर उलटला होता. त्या दिवशी दोन्ही कान लाल झाले.

सोसायटीत ही गोष्ट पसरायला वेळ लागला नाही, कारण मयूरीवहिनी ती फार रंगवून सांगत. तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त बँक मॅनेजरांनी सुचवलं की शेजारी नवी पेटी बसवा, म्हणजे जुनीचा प्रश्न आपोआप जुना होईल. समोरच्या काकूंनी पेटी दक्षिणेच्या भिंतीवर आहे का, एवढंच विचारलं आणि अर्थपूर्ण मान हलवली. माहितीच्या अधिकारात अर्ज टाका, असं सांगणारे दोघे निघाले. कुठं टाकू, असं काशीकरांनी विचारल्यावर दोघेही म्हणाले, "पेटी असेल ना कार्यालयात."

वरच्या मजल्यावरचे सुभेदार जोतीराम माने मात्र सत्तावीस वर्षं फौजेत काढून आलेले. ते जिन्यातच थांबले.

"वकीलसाब, मोर्चा समोर हाय आन् तुमी चिठ्ठ्या ल्हिताय व्हय?"

"सुभेदारसाहेब, कायद्यानं..."

"कायदा ऱ्हाऊ द्या वो. थांबा."

ते वर गेले आणि दोन किलोचा हातोडा घेऊन आले. दांड्यावर त्यांच्या पलटणीचा नंबर कोरलेला होता. "ह्यानं कारगिलला तंबूच्या मेखा ठोकल्यात. तुमची पेटी म्हंजे किस झाड की पत्ती."

"नेऊ नका हं," मयूरीवहिनी दारातून म्हणाल्या. "तुम्हाला खिळा ठोकता येत नाही. बैठकीतल्या घड्याळाला अजून टेबलावर झोपवलंय मी."

या एका वाक्यामुळे काशीकरांनी हातोडा नेला.

दुसऱ्या सोमवारी, भर अकरा वाजता, ॲडव्होकेट सौमित्र काशीकर पायरीवर उभे राहिले. हातोडा जड होता. तो एका हातात धरावा की दोन्ही, याचा त्यांनी विचार केलेला नव्हता. आवक लिपिक पूजा खिडकीतून बघत होती. कोंडीबा स्टुलावरून उठून सुरक्षित अंतरावर गेला. काशीकरांनी डोळे मिटले, हातोडा उचलला, आणि त्यांचं मनगट कुणीतरी असं पकडलं की हातोडा हवेत तसाच राहिला. मेंढराची तंगडी धरायची सवय असलेला हात होता तो.

"फोडू नगा," हरणाबाई म्हणाली.

"बाई, तुमच्यासाठीच फोडतोय!"

"माज्यासाटी फोडताय, पन माजंच वाटूळं व्हईल. आत निस्ता अर्ज न्हाई. बिल्लं हायती."

"कसले बिल्ले?"

"मेंढरांच्या कानातलं. पिवळं. त्येच्यावर लंबर आसतो. चौदा मेली, चौदांचं कान कापून बिल्लं काडलं म्या, फडक्यात बांदलं आन् अर्जासंगं टाकलं. त्येंच्या वहीत त्येच लंबर हायती. आज तुमी कुलूप फोडलं, तर उद्या त्येच म्हनतील, बिल्लं वकिलानंच टाकलं. पाच वरसं बंद हाय म्हून तर खरं हाय ते."

काशीकरांनी हातोडा खाली ठेवला. एलएलबी तीन वर्षं, वकिली वीस वर्षं. आणि पुरावा मोहोरबंद राहण्याचं महत्त्व त्यांना पायरीवर, कर्मचाऱ्यांसमक्ष, मनगट धरून शिकवलं गेलं होतं. फटीवर पाच वर्षांपूर्वीची पट्टी, पट्टीवर पथकाची तारखेसह सही, दाराला कुलूप. सरकारने अत्यंत निष्काळजीपणाने जगातली सगळ्यात भक्कम तिजोरी तयार केली होती.

म्हणजे किल्लीच पाहिजे होती. खरी, नोंदवहीतली, किल्ली क्रमांक एक.

तिसऱ्या सोमवारी शिवजयंतीची सुट्टी होती. पण त्याआधीच्या शनिवारी काशीकर कराड, इस्लामपूर करत सांगलीला पोहोचले होते. पेटीच्या शुभारंभाचे त्यावेळचे प्रमुख पाहुणे, निवृत्त अपर संचालक अमृतराव सूर्यवंशी, तिथे राहत. कार्यालयाच्या अल्बममध्ये त्यांचा फोटो होता: डोक्याला फेटा, अंगावर शाल, हातात ताम्हण, आणि ताम्हणात हळदकुंकू लावलेली किल्ली.

आता यात कुणाचा दोष काढायचा? आपल्याकडे पाहुणा रिकाम्या हाती पाठवत नाहीत. शाल दिली, नारळ दिला, पुष्पगुच्छ दिला. ताम्हणात किल्ली उरली होती, तीही देऊन टाकली. पाहुण्यांनाही कधी 'ही कशाला' असं विचारायची सवय नसते. विचारलं असतं तर ते पाहुणे झालेच नसते.

अमृतरावांच्या बैठकीत सन्मानचिन्हांची एक अख्खी भिंत होती. मधोमध लाल मखमलीवर, काचेच्या चौकटीत, किल्ली. खाली सोनेरी अक्षरं: 'तक्रारपेटी शुभारंभ. सन्मानपूर्वक.'

"हीच!" काशीकर खुर्चीतून उठले.

"बसा, बसा. भडंग घ्या," अमृतराव म्हणाले. "ही माझ्या कारकिर्दीतली सर्वांत अर्थपूर्ण भेट. जनतेच्या मनाची किल्ली!"

"सर, ती पेटीची आहे. तिच्यावाचून पाच वर्षं पेटी उघडली नाही."

"असं?" अमृतराव किंचित खूष झाले. "म्हणजे माझ्यानंतर कुणालाच जमलं नाही."

काशीकरांनी हरणाबाईची गोष्ट सांगितली, मेंढरं सांगितली, अठ्ठावीस तारीख सांगितली. अमृतराव डोळे मिटून ऐकत होते. अधिकाऱ्यांना असं ऐकायची सवय असते. बऱ्याचदा ते त्यात झोपतातही.

"द्यायला हरकत नाही," शेवटी ते म्हणाले. "पण सन्मानाने दिलेली वस्तू मी अशी पिशवीत घालून परत देऊ? उधार घेतलेली वाटी आहे का ती? कार्यक्रम घ्या. मी येतो. माझ्या हस्ते उघडा."

"सर, एक म्हातारी बाई पाच वर्षं दर सोमवारी..."

"तिलाही बोलवा."

आतून त्यांच्या पत्नी अनसूयाबाई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या आणि तांब्या जरा जास्तच जोरात ठेवला. "घेऊन जा हो ती किल्ली. पाच वर्षं त्या काचेवरची धूळ मी पुसतेय. शालींनी एक कपाट भरलंय, आणि नारळाच्या वड्या थापून थापून माझे हात मोडायला आले."

"अनसूया, हा शिष्टाचाराचा प्रश्न आहे."

शिष्टाचाराला एकच तारीख मोकळी होती. अठ्ठावीस. सकाळी पलूसला एक बक्षीस समारंभ होता, तो आटोपून अमृतराव दुपारी तीनपर्यंत साताऱ्यात पोहोचणार होते.

परतताना काशीकरांना एसटीत उभं राहून यावं लागलं, मांडीवर ठेवायला अनसूयाबाईंनी दिलेली नारळाच्या वड्यांची पिशवी होती आणि मांडीच नव्हती. कराडपर्यंत त्यांनी मनातल्या मनात अमृतरावांना सहा नोटिसा बजावल्या.

जगदाळ्यांना मात्र कार्यक्रमाची कल्पना एकदम पसंत पडली. समारंभाला सही लागत नाही. जो माणूस एका पंचनाम्याला तीन आठवडे तयार नव्हता, त्याने एका दिवसात मंडप, माईक, समई, फेटे आणि फ्लेक्स उभा केला. फ्लेक्सवर लिहिलं होतं: 'भव्य तक्रारपेटी उघडणी सोहळा'. वर जगदाळ्यांचा फोटो, बाजूला अमृतरावांचा, खाली पेटीचा, खाकी कागदासकट. हरणाबाईचा नव्हता. काशीकरांचाही नव्हता, ही बाब त्यांनी मुळीच मनाला लावून घेतली नाही, असं ते मयूरीवहिनींना तीनदा म्हणाले.

एक काम मात्र त्यांनी गाजावाजा न करता केलं. आपल्या अधिकारात पत्र काढून त्या पशुवैद्यकीय कार्यालयाची लसीकरण नोंदवही अठ्ठावीस तारखेला समक्ष हजर करायला सांगितली. नोंदवही घेऊन एक कारकून आला. समारंभ आहे एवढंच त्याला कळलं होतं, म्हणून तो इस्त्रीचा शर्ट घालून आला होता.

तीन वाजले. पाहुणे आले नाहीत. साडेतीनला फोन आला की पलूसला सत्कार वाढले, आत्ता कुठे कराड ओलांडलंय. हरणाबाई पायरीवर बसून होती. काशीकर घड्याळाकडे बघत होते आणि सुभेदारांचा हातोडा, परत करायचा राहून गेलेला, त्यांच्या टेबलाखाली पडून होता.

साडेचारला गाडी आली. फेटे बांधले. दीपप्रज्वलन झालं. जगदाळे बोलले. मग अमृतराव बोलले. तक्रार ही लोकशाहीचा प्राणवायू कशी आहे, हे त्यांनी बत्तीस मिनिटं सांगितलं. पहिल्या रांगेतून हरणाबाई एकदा मोठ्याने म्हणाली, "मेंढरंबी येवडी वरडत न्हाईत वो," पण माईक पाहुण्यांकडे होता.

पाच वाजून वीस मिनिटांनी किल्लीची चौकट ताम्हणात ठेवून पेटीपाशी आणली. तेव्हा लक्षात आलं की किल्ली मखमलीला चिकटवलेली आहे आणि काच चौकटीला. कोंडीबाने नख लावून पाहिलं. जगदाळ्यांनी पेन लावून पाहिलं. अमृतराव म्हणाले, "जपून हं, चौकट सागवानी आहे."

"सरका बाजूला," अनसूयाबाई म्हणाल्या. त्या नवऱ्याबरोबर आल्या होत्या आणि सकाळपासून फुगत बसल्या होत्या. त्यांनी चौकट दोन्ही हातांनी उचलली आणि पायरीच्या कडेवर आपटली. काच खळ्ळकन फुटली. "पाच वर्षं पुसलीय मी ती," त्या म्हणाल्या, आणि किल्ली उपटून काशीकरांच्या हातावर ठेवली.

काशीकरांनी आधी फटीवरच्या पट्टीचे फोटो काढले, सही आणि तारीख दिसतील असे. जगदाळ्यांकडून नव्हे, तर बघायला आलेल्या सुभेदार मान्यांकडून आणि अनसूयाबाईंकडून पंच म्हणून सह्या घेतल्या. मग किल्ली अमृतरावांच्या हस्ते कुलपात गेली. आणि फिरेना. कोंडीबाने समईतलं तेल चमच्याने आणून कुलपात ओतलं. समया सरकारी कार्यक्रमात का लावतात, हे काशीकरांना त्या दिवशी पहिल्यांदा समजलं.

कुलूप उघडलं तेव्हा पाच चाळीस झाले होते.

आत नऊ अर्ज होते. दोन लग्नपत्रिका होत्या. बिस्किटाच्या पुड्याचा कागद होता. एका पाकिटात, 'सुरक्षित ठिकाणी' असं वर लिहिलेली, किल्ली क्रमांक दोन होती. कोपऱ्यात, गाठ मारलेलं निळं फडकं होतं.

काशीकरांनी गाठ सोडली. चौदा पिवळे बिल्ले टेबलावर मांडले. टाळ्या वाजायला सुरुवात झाली होती, ती त्यांनी हात वर करून थांबवली. कारकुनाकडून नोंदवही घेतली आणि पहिला बिल्ला उचलून क्रमांक मोठ्याने वाचला. मग नोंदवहीत शोधला. सापडला. पाच वर्षांपूर्वी लस दिली होती. त्यानंतरही दिली होती. वर्षातून दोनदा, न चुकता. शेवटची नोंद गेल्या महिन्यातली: 'लस दिली. प्रकृती उत्तम.'

दुसरा बिल्ला. प्रकृती उत्तम. तिसरा. उत्तम. चौदाच्या चौदा मेंढरं, मरून पाच वर्षं झालेली, सरकारी दप्तरात ठणठणीत होती.

कारकुनाच्या हातात अर्धा कंदी पेढा तसाच राहिला होता.

"उत्तम तर आसनारच की," हरणाबाई म्हणाली. "मेल्यावर कंचा रोग लागतोय त्यास्नी?"

आवाज चढलेला नव्हता. पण काशीकरांना वाटलं, आपल्या सगळ्या 'सबब'मध्ये मिळून इतका राग कधी मावला नाही.

नोंदवही त्यांनी काखेत मारली. कारकून म्हणाला, "साहेब, ती परत न्यायचीय." काशीकर म्हणाले, "न्या. सुनावणी झाल्यावर." जगदाळे गडबडीने शाल घेऊन पुढे आले. प्रसंग हाताबाहेर चालला की शाल घालायची, हा त्यांचा चौतीस वर्षांचा अनुभव होता.

हरणाबाईने शाल हाताने बाजूला सारली. "शाल नगं. अर्जावर शिक्का मारा. आज आठ्ठावीस हाय."

काशीकर अर्ज घेऊन आवक टेबलाकडे धावले. टेबलावर पूजा नव्हती. तिची मेढ्याची पावणेसहाची एसटी असते. ती नुकतीच गेली होती. शिक्का तिच्या ड्रॉवरमध्ये होता. ड्रॉवरला कुलूप होतं. आणि किल्ली पूजाच्या पर्समध्ये, मेढ्याच्या वाटेवर.

"उद्या सकाळी पहिलं काम हेच," जगदाळे म्हणाले.

"उद्या चालणार नाही, सर. आज पाच वर्षं पुरी होतात."

"अहो, यंदा फेब्रुवारी एकोणतीसचा आहे! एक दिवस शिल्लक आहे."

"नियमात पाच वर्षं आहेत, सर. कॅलेंडर नाही."

"मग तुम्ही तसं पत्र द्या. मी शासनाकडून मार्गदर्शन मागवतो."

काशीकरांनी टेबलावरचा कोरा कागद पाहिला. पेन पाहिलं. त्यांचे कान आता लाल नव्हते. ही गोष्ट मयूरीवहिनी तिथे असत्या तर त्यांनी ओळखली असती आणि चार पावलं मागे सरल्या असत्या. काशीकर आपल्या टेबलापाशी गेले, खाली वाकले, आणि हातोडा घेऊन आले. या वेळी त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला होता. डोळेही मिटले नाहीत.

पहिला घाव टेबलाच्या काचेवर बसला. दुसरा ड्रॉवरवर.

"शाब्बास!" सुभेदार मागून ओरडले. "एक घाव दोन तुकडे!"

"दुसऱ्या घावात," काशीकरांनी दुरुस्त केलं, कारण ते वकील होते. मोडलेल्या फळीतून शिक्का काढला, शाईवर दाबला आणि अर्जावर इतक्या जोरात मारला की पेटीतून अर्जाला चिकटून आलेल्या लग्नपत्रिकेवरही उमटला. मग झेरॉक्सवर मारला, सही केली, वेळ टाकली: पाच अठ्ठावन्न. आणि झेरॉक्स हरणाबाईला दिली.

तिने कागद उजेडाकडे धरला. तिला वाचता येत नव्हतं, पण शिक्का ओला आहे एवढं दिसत होतं. तिने त्यावर फुंकर मारली, बराच वेळ, आणि मगच घडी घातली.

दोन्ही किल्ल्या काशीकरांनी स्वतःच्या खिशात टाकल्या. अमृतरावांना रिकामी सागवानी चौकट परत देण्यात आली. सन्मानपूर्वक.

पुढच्या सोमवारी हरणाबाई आली तेव्हा काशीकर मान खाली घालून लिहीत होते. पशुवैद्यकीय कार्यालयाला नोटीस गेली होती, सुनावणीची तारीख पडली होती. ती त्यांनी तिला सांगितली आणि कागदावर लिहूनही दिली, शिक्क्यासकट.

"आन् ह्ये काय ल्हिताय?"

"कारणे दाखवा नोटीस. शासकीय ड्रॉवर फोडल्याबद्दल."

"कुनाला?"

"मला. जगदाळे साहेबांनी बजावायला सांगितलीय. कार्यालयातल्या सगळ्या नोटिसांचा मसुदा विधी अधिकाऱ्यानंच करायचा असतो." त्यांनी कागद तिच्याकडे वळवला. मसुदा चांगला झाला होता. नऊ 'सबब' होते. "सात दिवसांत उत्तर द्यायचंय. ते पण मलाच."

हरणाबाईने दाराबाहेर पाहिलं. पायरीपाशी कोंडीबा खाकी कागदाचा गुंडाळा आणि चिकटपट्टी घेऊन उभा होता. येत्या काही दिवसांत पुन्हा आचारसंहिता लागणार होती आणि पेटीवर अजून 'अमक्यांच्या संकल्पनेतून' लिहिलेलंच होतं.

"मंग बिगीबिगी ल्हिवा की वकीलसाहेब," ती म्हणाली, "आन् पेटीत टाका. कागुद लावायच्या आत."